रानपिंगळा पाहायला जाताय? मग फोनमधला त्याचा आवाज आधी पुसून टाका

रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं ते छोटंसं दुर्मिळ घुबड, बघायला मेळघाटात निघाला असाल तर ही एक विनंती ऐका. का करतेय ते पुढे सांगते. त्याआधी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याचं थोडं सांगायला हवं, कारण मला मुळात जायचं होतं ते शहाद्यालाच.

हा पक्षी ११३ वर्षं नाहीसा झाला होता. पक्षीतज्ज्ञ ह्यूमने १८७३मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अंमलदाराने खानदेशातून त्याचे नमुने, म्हणजे मारून कापूस भरून ठेवलेले पक्षी, जमवले, आणि १८८४नंतर सगळं थांबलं. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सातच नमुने उरले. लोकांनी शोधलं नाही असं नाही. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारखे पक्षीतज्ज्ञ शोधून थकले. पण पक्ष्यांचे नमुने जमवणाऱ्या कर्नल मिनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने एका नमुन्याला चिठ्ठी बांधून ठेवली होती, की हा पक्षी मी १९१४मध्ये गुजरातेत मांडवीला मिळवला. ती चिठ्ठी खोटी होती. तो नमुना डेव्हिडसनचाच होता. संग्रहालयातून चोरलेला, आतला कापूस काढून नव्याने भरलेला. एका माणसाच्या हावेपायी कित्येक वर्षं लोक भलत्याच मुलुखात हा पक्षी शोधत राहिले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली आणि जुने खरे नमुने जिथे मिळाले होते ते पत्ते धरून त्या निघाल्या. सोबत बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट. आधी पूर्वेकडे गेले, तिथे काही नाही. मग शहादा. २५ नोव्हेंबर १९९७ला सकाळच्या स्वच्छ उजेडात तो पक्षी समोर उघड्या फांदीवर बसलेला होता. रानपिंगळा दिवसाउजेडी वावरतो. म्हणजे एवढी वर्षं तो लपलेलाही नव्हता!

शहाद्याला उतरले तर चहूकडे केळी, पपई आणि ऊस. तोरणमाळच्या रस्त्याला लागल्यावर सातपुडा दिसतो, पण पायथ्याचं जंगल तुकड्यातुकड्यांत उरलंय आणि मधल्या भागात नांगर फिरलाय. तिथे मला साधा पिंगळा दिसला, रानपिंगळा नाही. वाईट वाटलं, तरी त्या मातीवर उभं राहायचं होतं ते झालं. वर तोरणमाळला यशवंत तलावाकाठी सहलीच्या गाड्या आणि स्पीकरवरची गाणी. मी थांबले नाही. पुढे भुसावळ, अकोला, परतवाडा हा सगळा दिवस बसमध्ये गेला.

मेळघाटातली खोली यथातथाच होती. खिडकीची फट बंद होईना, रात्री थंडीने दात वाजत होते आणि गरम पाण्याची बादली सकाळी मागून मागून मिळाली. पण जेवण गाइडच्या घरी झालं. कोरकू कुटुंब, स्वच्छ सारवलेलं अंगण, कुटकीचा भात आणि पातळ वरण. त्याच्या आईने मला चुलीजवळची जागा दिली आणि स्वतः दाराशी बसली. असा पाहुणचार मला कुठल्याच रिसॉर्टमध्ये मिळालेला नाही.

सकाळी आम्ही रस्त्यालगतच्या सागवनात शिरलो. वाळलेली सागाची पानं पायाखाली इतकी वाजतात की चोरपावलांनी चालणं अशक्यच. गाइड एकदम थांबला. "मॅडम, हालू नका. तो आपल्याकडंच पाहून राहिला."

आणि खरंच, पानगळ झालेल्या झाडावर, आडोसा नसलेल्या फांदीवर, तो होता. वीतभर अंगाचा, पण डोकं केवढं मोठं! साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर असतात तसे पांढरे ठिपके जवळजवळ नाहीतच. छाती तपकिरी, खाली पोट शुभ्र, पायांवर बोटांपर्यंत पांढरी दाट पिसं, जाडजूड पंजे. त्याने खाली काहीतरी हेरलं, शेपटी झटझट डावी-उजवी हलवली आणि झेप घेतली. वर आला तेव्हा चोचीत सरडा होता. माझे डोळे भरून आले. कॅमेरा काढायचं सुचलंच नाही.

तेवढ्यात मागून मोठाल्या लेन्सवाला एक गट आला. त्यातल्या एकाने खिशातून छोटा स्पीकर काढला आणि रानपिंगळ्याची साद लावली. पक्षी ताठ झाला. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरलाय असंच त्याला वाटणार. तो साद घालू लागला, या फांदीवरून त्या फांदीवर येऊ लागला. इकडे कॅमेऱ्यांचा कडकडाट. आवाज बंद झाला की तो शांत व्हायचा, मग पुन्हा लावायचे. सरडा कधीच खाली पडला होता. हिवाळा म्हणजे त्यांच्या जोड्या जमायचा आणि ढोल्या निवडायचा काळ. शिकारीची सकाळ हा पक्षी नसलेल्या शत्रूशी भांडण्यात घालवत होता.

मी जाऊन सांगितलं, बंद करा. उत्तर मिळालं, "अहो, संशोधकसुद्धा कॉल लावतातच की."

लावतात, खरं आहे. तोरणमाळच्या आणि मेळघाटातल्या सर्वेक्षणांत अशी साद वाजवूनच पक्षी शोधले गेले. पण संशोधक ठरलेल्या जागी, ठरलेला वेळ वाजवतात. उत्तर आलं की नोंद करून पुढे जातात. एक पक्षी पुन्हा पुन्हा बोलावून त्याला पोझ द्यायला लावत नाहीत. त्या नोंदींमुळेच तर मेळघाटात त्यांची मोठी वस्ती आहे हे कळलं. हा फरक मी त्यांना उभ्या उभ्या समजावला. दोघांनी मान डोलावली, तिसऱ्याने अजून एक फोटो हवा म्हणून बटण दाबलं.

त्यांच्या गाइडला मी दोष देत नाही. "नाही म्हटलं तर पुढल्या वेळी दुसऱ्याला घेतात," तो मला नंतर हळूच म्हणाला. ढोलीची झाडं त्याला नावानिशी ठाऊक आहेत. पैसे मोजणाऱ्यांनीच आधी सांगून ठेवलं की आम्हाला साद लावलेली नको, तर त्याला नाही म्हणायची वेळच येणार नाही. मी आता गाइड ठरवतानाच हे बोलून घेते आणि त्याचे पैसे पक्षी दिसो न दिसो पूर्ण देते.

२०१४मध्ये हा पक्षी तानसा अभयारण्यातही सापडला, म्हणजे मुंबईच्या उंबरठ्यावर. पुढच्या हिवाळ्यात तिकडे जायचं ठरवतेय. सोबत येणार असाल तर कळवा. स्पीकर असेल तर मात्र नका येऊ.