कुंदा आणि दहा सेकंद

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका मराठीत, कन्नडमध्ये, बऱ्याचदा दोन्हीत. प्रूफ दाखवायला मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला एचटीटीपी सर्व्हर वापरतो, म्हणजे माझ्या मशीनवरच्या फाइली ब्राउझरमध्ये दाखवणारा प्रोग्रॅम. तीन-चार ओळींची स्क्रिप्ट आहे. गिऱ्हाईक दुकानाच्या वायफायवर आपल्याच मोबाइलमध्ये पत्रिका बघतं.

जुलैत पावसानं नेट गेलं आणि हा सर्व्हर उठायला दहा सेकंद घेऊ लागला, कधी वीस. खानापूरहून आलेले एक काका मोबाइल पुढं करून म्हणाले, "अजून फिरूलालंय की हे!" आता सर्व्हर माझ्या टेबलावर, मोबाइल त्यांच्या हातात. यात नेटचं काय काम?

रात्री शटर अर्धं ओढून बसलो. पायथनमध्ये इन्स्पेक्ट नावाचं मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच, आहे. त्यातलं गेटसोर्सफाइल, मॉड्यूलची फाइल डिस्कवर कुठं आहे ते सांगतं. गेटसोर्स तर कोडच समोर टाकतं. सर्व्हरचा कोड ज्यात आहे तो एचटीटीपीसर्व्हर हा क्लास मागितला, तर जेमतेम डझनभर ओळी! मी उगाच घाबरत होतो. त्यात सर्व्हर-बाइंड नावाचं फंक्शन, आणि त्यात सॉकेट मॉड्यूलमधल्या गेटएफक्यूडीएन या फंक्शनला हाक. म्हणजे दार उघडायच्या आधी हा मशीनचं पूर्ण नाव विचारत बसतो. मला ते नाव कधीच लागलेलं नाही.

मग गेटएफक्यूडीएनचा सोर्स, म्हणजे कोड, काढला. तो गेटहोस्टबायअ‍ॅड्रकडं बोट दाखवतो. त्या फंक्शनचा सोर्स मागितला, तर 'टाइपएरर' म्हणून नकार. ते पायथनमध्ये नव्हे, सी भाषेत लिहिलेलं, इन्स्पेक्टचा रस्ता तिथं संपला. पण एवढं पुरे होतं.

कारण आठवलं. उन्हाळ्यात मी हौसेनं मशीनचं नाव 'कुंदा' ठेवलं होतं. ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरातल्या होस्टनेम फाइलमध्ये बदललं, पण नावांचे पत्ते ठेवणाऱ्या होस्ट्स फाइलमध्ये जुनंच राहिलं. त्यामुळं 'कुंदा कोण?' हा प्रश्न डीएनएसकडं, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या नेटवरच्या यंत्रणेकडं जायचा. नेट असलं की 'माहीत नाही' असं उत्तर लगेच मिळायचं. नेट नसलं की उत्तराची वाट बघणं, पाच सेकंद, परत पाच सेकंद.

जाता जाता सर्व्हरमधलं फोल्डरची यादी दाखवणारं लिस्ट-डिरेक्टरी हे फंक्शनही वाचलं. फाइलींची नावं स्मॉल लेटरमध्ये करून क्रम लावतं. आपल्या अक्षरांना कसलं स्मॉल-कॅपिटल! पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकानं प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांत, देवनागरी अक्षरांचे क्रमांक कन्नडच्या आधी येतात, म्हणून माझ्या यादीत मराठी पत्रिका कायम वर. हे मी दुकानात कुणाला सांगितलेलं नाही. बेळगावात एवढ्यावरून चहा दोनदा मागवावा लागेल.

होस्ट्समध्ये 'कुंदा'ची एक ओळ घातली. नेट अजून बंदच होतं, तरी सर्व्हर एंटर दाबताच उठला. दुसऱ्या दिवशी काका परत आले, पत्रिका झटकन उघडली. वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "धाकट्या मामाचं नाव कुठं आहे?"