तुम्ही विचारलंत म्हणून : एवढ्या रगाड्यात तुम्हाला बरं कधी वाटतं?

शिक्षण परिषदेला नवे शिक्षणसेवक भेटले की ते विचारतात. माहेरी गेले की भावजय विचारते. निवडणुकीच्या प्रशिक्षणात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या ग्रामसेवकांनीही चहा पिता पिता विचारलं, "मॅडम, एवढं टेन्शन म्हणता, मग अख्ख्या आठवड्यात तुम्हाला बरं कधी वाटतं?" दरवेळी मी "वाटतं कधीतरी" म्हणून वेळ मारून नेते, कारण खरं उत्तर चहाच्या एका कपात मावत नाही. आता तुम्ही विचारलंतच, तर सांगते.

आधी टेन्शन म्हणजे काय ते. माझी शाळा बीड जिल्ह्यातली, वस्तीवरची. जिल्हा परिषदेची, दोनशिक्षकी, पहिली ते चौथी. 2025 च्या नोव्हेंबरातला एक आठवडा घ्या. दिवाळीची सुट्टी संपलेली. कारखान्यांची धुराडी पेटलेली, म्हणजे वस्तीवरची निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला गेलेली. 2 डिसेंबरला नगरपरिषदांची निवडणूक, त्यामुळे माझे सहकारी सर प्रशिक्षणाला आणि चारही वर्ग माझ्या गळ्यात. त्यात 23 नोव्हेंबरला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सर्वोच्च न्यायालयाचा 1 सप्टेंबरचा निकाल तुम्ही वाचला असेल: निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवकाश असलेल्या, आधीच नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. म्हणजे माझ्यासारखीने दिवसभर चार वर्ग सांभाळून रात्री 'बालकाचा बोधात्मक विकास' पाठ करायचा. दीडशे प्रश्न, आणि खुल्या प्रवर्गाला नव्वद गुण हवेत. पोरं मोठी करण्यात हयात चालली आणि आता पोरं कशी मोठी होतात यावर चार पर्यायांतून एकाला गोल करा.

आणि व्हॉट्सअॅपचे ग्रुप. केंद्राचा (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा), तालुक्याचा, पोषण आहाराचा, यू-डायसचा (शाळांची ऑनलाइन माहिती), बीएलओंचा (मतदारयादीचं काम). 'तातडीचे', मग 'अति तातडीचे', मग नुसतेच तीन लाल ठिपके. "आज दुपारी 2 पर्यंत माहिती सादर करावी. माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे." निरंक म्हणजे काहीच नाही. मुलांचे अपार आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, किती झाले, आधार किती जुळले, झाडं किती जगली, झाडाशेजारी उभ्या मुलाचा फोटो कुठाय. उशीर झाला की 'प्रलंबित शाळांची यादी' येते, त्यात आपल्या शाळेचं नाव असतं, आणि सगळा तालुका ते वाचतो.

आता शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 काय म्हणतं? जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर कामं देऊ नयेत. 2009 चा कायदा आहे. त्यातल्या त्या 'सोडून' मध्ये आमचे किती आठवडे जातात ते सोडा, पण फोटो आणि माहिती भरायच्या लिंका कुठल्या आपत्तीत बसतात हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

तर अशा आठवड्यात बरं कधी वाटतं? वर्गात असते तेव्हा. उत्तर एवढंच आहे, पण लोकांना ते खोटं वाटतं. त्यांना वाटतं, वर्ग हेच टेन्शन: पोरांचा गोंगाट, शेंबूड, मारामाऱ्या. अहो, त्याने दमायला होतं, जीव विटत नाही. मुलाला समोर उभं ठेवून त्याचा आधार क्रमांक टाइप करताना जीव विटतो.

म्हणून मी एक केलं. परिपाठ झाला, हजेरी टाकली की फोन कपाटात, खडूच्या खोक्यामागे. तो निघतो थेट खिचडीच्या वेळेला. सुरुवातीला केंद्रप्रमुखांचा फोन उचलला गेला नाही म्हणून बोलणी बसली. मग त्यांनाही सवय झाली. ते स्वतः शिक्षकच होते, त्यांना कळतं. निरंक माहिती दोनला दिली काय आणि तीनला दिली काय, ती निरंकच राहते.

त्या मोकळ्या तासांतली एक गोष्ट सांगते. दुसरी-तिसरी माझ्याकडे एकत्र बसते. वजाबाकी चालू होती, दशक सुटा करायची. आदल्या दिवशी मी फळ्यावर 43 वजा 17 करून दाखवलं होतं. एककाच्या घरात तीन आहेत, सात जात नाहीत, मग शेजारच्या दशकाकडून एक उसना घ्यायचा. एका मुलीने हात वर केला, "मॅडम, उसना घेतला तर परत कवा द्यायचा?" ज्यांच्या घरात मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीचा हिशोब वर्षानुवर्षं फिटत नाही, त्या पोरीचा हा प्रश्न चेष्टेवारी नेता येत नाही. मी गप्प बसले आणि घरी जाऊन विचार केला की उद्या फळा नको, काड्या घेऊ.

दुसऱ्या दिवशी तुराटीच्या काड्या घेतल्या. दहा-दहाचे गठ्ठे, रबर लावलेले. चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या चटईवर ठेवल्या. समोर तिसरीतला एक पोरगा बसवला. आईबाप कोल्हापूरकडे तोडीला गेलेत, हा आजीजवळ राहिलाय. तो राहावा म्हणून दिवाळीआधी मी त्याच्या घरी खेटे घातले होते, शेवटी आजीनेच आपल्या मुलाला, म्हणजे याच्या बापाला, दटावलं. "सतरा दे मला," म्हटलं. त्याने एक गठ्ठा उचलून दिला. मग सात. हातात आल्या तीनच. बाकीची पोरं ओरडायला लागली. एक म्हणे, "सातातून तीन काढ, चार ऱ्हाहत्यात!" ही चूक सगळीकडे होते. मोठ्यातून लहान काढायचं, मग ते वर असो की खाली. त्या हिशोबाने 43 वजा 17 चे 34 होतात आणि पोरं खुशाल पुढच्या गणिताला जातात.

हा मात्र हलेना. गठ्ठ्यांकडे बघत बसला. मी जीभ दाताखाली धरून ठेवली. शिक्षकाला सांगण्यापेक्षा न सांगणं जड जातं, हे बीएडला, डीएडला कुणी शिकवत नाही. मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, मोळी सोडू का?"

"कसली मोळी?"

मी विचारेपर्यंत त्याने रबर काढलंसुद्धा. दहा काड्या पसरल्या, त्यातल्या आणि सुट्यांतल्या मिळून सात मोजून माझ्या हातात ठेवल्या. उरलेल्या मोजल्या. "दोन मोळ्या न् सहा. सव्वीस." मला वाटलं झालं. तर त्याने त्या सहा काड्यांभोवती रबर गुंडाळायला घेतलं, थांबला, आणि रबर बाजूला ठेवून दिलं. "सहाची मोळी हुत न्हाई. दहा लागत्यात."

वर्गातला गोंगाट थांबला वगैरे काही नाही. पाठीमागे पहिलीतली दोघं पेन्सिलीवरून भांडत होती. पण मला जो आनंद झाला तो मी मोजू शकत नाही. दहाचा गट आणि सुटे यांच्यातला भेद त्या पोराने स्वतःच्या हाताने पकडला होता. स्थानिक किंमत म्हणतात ती हीच. त्या दिवसापासून आमच्या वर्गात दशकाला मोळीच म्हणतात. नोंदवहीत मी लिहिलं, 'दोन अंकी संख्यांची वजाबाकी दशक सुटा करून करतो.' नोंदवहीत एवढंच बसतं.

खिचडीचंही सांगायला हवं. आमच्याकडे चव रजिस्टर असतं. मुलांना वाढायच्या आधी शिक्षकाने चव घ्यायची आणि शेरा लिहायचा. वर्षाच्या सुरुवातीपासून त्या रकान्यात 'चांगली', 'चांगली', 'चांगली' असं ओळीने लिहिलेलं आहे. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना लिहिता येत नाही, पण रोज विचारतात, "काय लिव्हलं?" त्या आठवड्यात शेपूची पेंढी कुणाच्या तरी शेतातून आली होती आणि मावशींनी ती मूगडाळीच्या खिचडीत घातली. पोरं शेपूला नाक मुरडतात हा माझा अनुभव. पण लसणाची फोडणी अशी बसली होती की पातेलं खरवडायला दोघं उभे. मी त्या दिवशी 'उत्कृष्ट, शेपूसह' असं लिहिलं आणि मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "सायबांनी वाचलं तर शेपू कुठनं आणली इचारतील, खोडा ते." तपासणीची भीती आमच्या मावशींपर्यंत झिरपलेली आहे. मी खोडलं नाही.

टीईटीची तर पोरांनीच मजा करून टाकली. मधल्या सुट्टीत मी जुनी प्रश्नपत्रिका सोडवत होते. चौथीतल्या मुलींनी पाहिलं. "मॅडम, तुमचीबी परीक्षा हाय?" म्हटलं आहे. "नापास झाला तर?" म्हटलं, बघू. थोड्या वेळाने त्या आपसात कुजबुजून आल्या आणि त्यांच्यातल्या पुढारणीने तोडगा सांगितला: नापास झालात तर आमच्याबरोबर पाचवीला गावातल्या शाळेत चला, आम्ही जागा धरून ठेवू. तेव्हापासून रोज सुट्टीत माझा अभ्यास घेतला जातो. प्रश्न वाचायची पाळी ठरलेली असते. बालमानसशास्त्रज्ञ 'पियाजे' यांचं नाव त्यांनी 'पियाजी' करून टाकलं आहे आणि ते कुणाचे तरी आजोबा असावेत अशी त्यांची समजूत आहे. मी ती बदललेली नाही. सरांना ही हकीकत सांगितली तर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. घरी ते या विषयावर अवाक्षर काढत नाहीत.

सगळंच गोड नसतं. मुलांना 'आमच्या मॅडम' यावर पाच ओळी लिहायला सांगितल्या. एकीने लिहिलं: 'आमच्या मॅडम चांगल्या आहेत. त्या आम्हाला शिकवतात. त्या आमचे फोटो काढतात. त्या फोटो पाठवतात. मग त्या परत फोटो काढतात.' मी पोट धरून हसले, आणि वही केंद्रप्रमुखांना दाखवली. तेही हसले. मग दोघंही जरा वेळ बोललो नाही, आणि मग त्यांनी मला पटसंख्येची लिंक पाठवली.

भावजयीने मला एक देखणी डायरी दिली आहे. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, मन प्रसन्न राहतं म्हणे. तिचा हेतू चांगला आहे, तिला फायदाही झाला असेल. माझ्या डायरीत मात्र सध्या तांदळाची शिल्लक लिहिलेली आहे, कारण साठा रजिस्टर तपासणीला गेलं होतं आणि पहिली ते पाचवीला दर मुलामागे 100 ग्रॅमचा हिशोब कुठेतरी उतरवून ठेवावा लागतो. पण खरी अडचण वेगळी आहे. 'छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा' हे वाक्य आम्हाला नेमकं तेच लोक ऐकवतात, ज्यांच्या हातात एखादी लिंक कमी करणं असतं. एका प्रशिक्षणात ताणमुक्तीचं सत्र झालं. डोळे मिटून दीर्घ श्वास. डोळे उघडले तर त्याच सत्राच्या अभिप्रायाची लिंक ग्रुपवर येऊन पडलेली, आजच भरा म्हणून. मोळी सोडणाऱ्या पोरामुळे मला बरं वाटतं, त्याचा अर्थ रिकाम्या पदावर तिसरा शिक्षक नको असा कुणी काढू नये. तिसरा आला तर मला आणखी तास वर्गात मिळतील, एवढं साधं गणित आहे. आणि असेही आठवडे जातात की फोन कपाटात जातच नाही, चारही वर्गांना शुद्धलेखन देऊन मी पडद्यासमोर बसते. त्या आठवड्यात तुम्ही विचारलंत तर मी "वाटतं कधीतरी" एवढंच म्हणेन.

नव्या शिक्षणसेवकांसाठी एवढंच की पहिले दोन तास वाचवा, कसेही वाचवा. कुणी परवानगी देणार नाही, ती मागू नका.

त्याच आठवड्यात रात्री साडेनऊला फोन वाजला. मला वाटलं ग्रुप. तर तोडीला आईबापांबरोबर गेलेल्या चौथीतल्या मुलीचा व्हॉइस मेसेज होता. जाताना तिला शिक्षण हमी कार्ड दिलं होतं, जिथे जाशील तिथल्या शाळेत हे दाखव म्हणून. शाळा तोडकऱ्यांच्या तळापासून लांब आहे, अजून जाणं झालेलं नाही, हे तिने आधी सांगून टाकलं. मग सतराचा पाढा. मागे ट्रॅक्टर चालू, कुत्री भुंकतायत, आणि ही वरच्या पट्टीत. सतरा आठे सव्वीसासे, म्हणजे एकशे सव्वीस. चुकलं. मी उलट मेसेज टाकला की आठे परत म्हण, आणि उद्या बापाला सांग शाळेत नेऊन सोडायला, नाहीतर मी फोन करीन. दहा मिनिटांनी दुसरा मेसेज आला. या वेळी आणखी दोन-तीन पोरांचे आवाज होते, माझ्या शाळेतले नसलेले. सगळे मिळून ओरडले, "सतरा आठे छत्तीसासे!" आणि मागून तिचा बाप म्हणाला, "झालं का? आता झोपू द्या की त्या बाईला."