लाँचला घेतला, ते परवडलं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर विचारता, लग्नात पंगतीला शेजारी बसलात तरी विचारता. परवा उचगावचे एक गृहस्थ बारावीतल्या पोराला घेऊन थेट माझ्या मशीन शॉपमध्ये आले. "तुम्ही पीएस फाइव्ह लाँचलाच घेतला होता म्हणे. परवडलं काय? पुढचा आला की लगेच घ्यावा, का थांबावं?" पीएस फाइव्ह म्हणजे सोनीचं, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन. बापाला "थांबा" ऐकायचं होतं, पोराला "घ्या". मी दोघांकडं बघत काहीतरी अर्धवट बोललो आणि कामाच्या मशीनकडं वळलो. मी हा प्रश्न टाळतो असं तुम्ही म्हणता. टाळतोच. पण दरवेळी टाळण्यापेक्षा एकदाच सगळं सांगितलेलं बरं.

पैशाचा हिशोब आधी, कारण तो सोपा आहे. जगात तो नोव्हेंबर २०२० मध्ये आला, आपल्याकडं २ फेब्रुवारी २०२१ ला. डिस्कवाला ४९,९९० रुपये, बिनडिस्कचा ३९,९९०. १२ जानेवारीला दुपारी बारा वाजता प्री-ऑर्डर उघडली आणि काही मिनिटांत माल संपला. मी त्या दिवशी सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कामाचं मशीन, बंद ठेवून दोन फोन समोर घेऊन बसलो होतो, म्हणून मिळाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तोच डिस्कवाला ५४,९९० झाला. एप्रिल २०२४ मध्ये अंगानं बारीक झालेला स्लिम आला, तोही ५४,९९०. म्हणजे जे तीन वर्षं थांबले त्यांनी माझ्यापेक्षा पाच हजार जास्त मोजले आणि तीन वर्षं कमी खेळले. २०२३ मध्ये काही दिवस साडेसात हजारांची सूट होती, तेव्हा ४७,४९० ला ज्यांनी घेतला ते माझ्यापेक्षा अडीच हजारांनी फायद्यात राहिले. त्यांचं अभिनंदन. पण अडीच वर्षं थांबून अडीच हजार वाचले, याला मी मोठी बचत म्हणणार नाही.

हे मी मुद्दाम ठासून सांगतोय, कारण मला "उतावळा" म्हणणारे जुन्या नियमावर बोट ठेवतात. नियम असा, की मशीन येतं तेव्हा महाग असतं, दोन-तीन वर्षांत स्वस्त होतं, दोष निघून जातात, गेम वाढतात. नियम खोटा नव्हता. पीएस थ्री अमेरिकेत २००६ च्या नोव्हेंबरात आला तेव्हा वरचं मॉडेल ५९९ डॉलरचं होतं. सप्टेंबर २००९ मध्ये त्याचा स्लिम २९९ ला आला, जवळजवळ निम्म्यात. निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा थ्रीडीएस २०११ च्या मार्चमध्ये तिथं २४९.९९ डॉलरला निघाला आणि ऑगस्टमध्ये १६९.९९ वर आला. आधी घेणाऱ्यांचा राग शांत करायला कंपनीला वीस जुने गेम फुकट द्यावे लागले. एक्सबॉक्स ३६० चे तर लाल दिवा लागून इतके नग बंद पडले की २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापोटी शंभर कोटी डॉलरच्या वर खर्च धरला. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही घेतला.

का, तर मी एकदा नियम पाळून बघितला होता.

२००७ मध्ये पीएस थ्री भारतात आला, ३९,९९० रुपयांना. माझा पगार तेव्हा साडेचार हजार. आम्ही चौघं होतो, चौघेही एकाच आयटीआयचे. राजारामपुरीत एका पार्लरात तासाला वीस रुपये देऊन टेक्केन हा मारामारीचा गेम खेळायचो. मी म्हटलं, थांबू, स्वस्त होईल. झाला. २०१० च्या दिवाळीला मी स्लिम घेतला. तोवर एकजण चाकणला गेला होता, एकजण दुबईला, तिसऱ्याचं लग्न होऊन तो सासऱ्याच्या गुऱ्हाळात गुंतला होता. दोन कंट्रोलर घेतले होते, दुसरा फार कमी वेळा बाहेर निघाला. पैसे वाचवले आणि ज्यांच्याबरोबर खेळायचं तेच गेले. २०२१ मध्ये मी दोन फोन घेऊन बसलो होतो तो या रागापायी. तेव्हाच्या मला कोणी थांब म्हटलं असतं तर मी भांडलो असतो.

पण गेमांचं बोललं पाहिजे, तिथं माझी बाजू लंगडी आहे. पहिल्या दिवशी खास या मशीनचं म्हणावं असं होतं काय? मशीनमध्येच आलेला अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम, आणि डेमन्स सोल्स, तोही २००९ चा जुना गेम नव्यानं केलेला, किंमत ४,९९९. एप्रिलअखेर रिटर्नल आला, जूनमध्ये रॅचेट. ज्यांची मी वाट बघत होतो ते होरायझनचा दुसरा भाग आणि गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक २०२२ मध्ये आले, फेब्रुवारीत आणि नोव्हेंबरात, आणि दोन्ही जुन्या पीएस फोरवरही चालत होते. वर ८२५ जीबी साठवणीतली वापरायला ६६७ च मिळायची, आणि साठवण वाढवायला जास्तीची एसएसडी बसवायची खाच सप्टेंबर २०२१ पर्यंत सॉफ्टवेअरनं बंद. मग त्या पहिल्या वर्षात मी काय केलं? डेमन्स सोल्स दोनदा संपवला आणि बायकोला ३० सेकंदांचं लोडिंग आता तीन सेकंदांवर आलंय हे दाखवत राहिलो. मला त्यात खरा आनंद होता. नव्हता असं म्हणणार नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

माझा मावसभाऊ तेव्हा चोवीस वर्षांचा. मावशीचं घर शुक्रवार पेठेत, जामदार क्लबच्या पुढं. कोल्हापूरकराला याचा अर्थ सांगायला नको: पंचगंगा पात्राबाहेर पडली की पहिली बातमी तिथून येते. २०१९ ला घरात कमरेएवढं पाणी सहा दिवस होतं. मावशी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. मावसा गेल्यापासून घर त्यावरच चाललं. त्या पुरात तिचं पहिलं मशीन गेलं. तेव्हापासून तिचा एकच धोशा होता, घरात लोखंडी अँगलचा मजबूत माळा करायचा, मशीनसकट सगळं वर चढवता येईल असा. माझ्याच ओळखीच्या फॅब्रिकेटरनं चाळीस हजार सांगितले होते. भाऊ दोन वर्षं त्यासाठी पैसे साठवत होता.

एप्रिल २०२१ मध्ये त्याचं काम सुटलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरात कोंडलेला, रोज संध्याकाळी मला फोन. माझ्याकडं मशीन आलेलं त्यानं बघितलं होतं. जूनमध्ये त्यानं विचारलं, अगदी तुम्ही विचारता तसंच, "दादा, घेऊ काय आत्ता, का थांबू?"

मी म्हटलं, "थांबू नकोस. थांबून मी काय मिळवलं? हे दिवस परत येत नाहीत."

दुकानात माल नव्हताच. त्यानं एका विकणाऱ्याकडून ६८,००० ला घेतला, अठरा हजार वर देऊन, बिलाशिवाय. किंमत ऐकल्यावर तरी मी "थांब" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "चालतंय, एकदाच घ्यायचाय." माळ्याचे पैसे त्यात गेले हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, असं मी पुष्कळ दिवस सांगत आलो. नीट आठवून बघितलं तर, विचारलं नव्हतं एवढंच खरं आहे. काम सुटलेल्या पोराकडं ६८,००० कुठून आले, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

२२ जुलैला, गुरुवारी, पाऊस थांबेना. २०१९ ला पाणी चढायला वेळ लागला होता. या वेळी ते घाईनं आलं. रात्री साडेनऊला भावाचा फोन, "पायरीला लागलंय, ये लवकर." मी गाडी वर ठेवून चालत गेलो. लाईट गेलेली. गल्लीत गुडघाभर पाणी, घरात घोट्याच्या वर. मावशी मोबाईलच्या उजेडात गिऱ्हाइकांचे ब्लाऊजपीस गाठोड्यात बांधत होती. प्रत्येक कापडाला चिठ्ठी टाचलेली, ती भिजू नये म्हणून गाठोडं प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत. भावानं टीव्ही कॉटवर चढवला होता आणि पीएस फाइव्ह त्याच्या खोक्यात घालून तयार ठेवला होता. तो माझ्याकडं देत म्हणाला, "दादा, हा तू घे. तुझा हात उंच हाय."

मी घेतला. साडेचार किलोचं मशीन. डोक्यावर धरलं आणि निघालो. भाऊ कागदपत्रं आणि सिलिंडर घेऊन पुढं, मावशी गाठोडं घेऊन मधे, मी मागं. कोपऱ्यापर्यंत आलो तेव्हा मावशी थांबली आणि मागं न बघता म्हणाली, "मशीन ऱ्हायलं की रं."

मला क्षणभर वाटलं ती डोक्यावरच्या खोक्याबद्दल बोलतेय. मी म्हटलं, "नाही मावशी, घेतलंय."

ती काही बोलली नाही. पाणी मांडीपर्यंत चढत होतं, मागं जायला भाऊ निघाला तर तिनंच त्याचा दंड धरला.

तुम्ही म्हणाल, स्टँडसकट शिलाई मशीन कोण उचलणार, दोन माणसं लागतात. मीही तेच म्हणत होतो, बायकोला, स्वतःला, भावाला. पण मी मशीनच्या धंद्यातला माणूस आहे. त्या मशीनचं डोकं बिजागरीवर असतं. मागचे दोन स्क्रू ढिले केले आणि पट्टा काढला की ते हातात येतं, दहा-बारा किलो. स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात असतो, त्या रात्रीही होता. दोन मिनिटांचं काम. माझे हात मोकळे नव्हते, एवढंच.

पाणी धोक्याच्या ४३ फुटांवर कुठल्या कुठं गेलं, ५५ च्या वर. मावशी आणि भाऊ आमच्याकडं साने गुरुजी वसाहतीत आठ दिवस राहिले. नळाला पाणी नाही, टँकरची वाट. तिसऱ्या दिवशी भावानं त्याचा पीएस फाइव्ह जोडला. पोराला कशात तरी डोकं घालायचं होतं. मी त्याला अडवलं नाही आणि आजही ते चुकलं असं मानत नाही; दिवसभर मोबाईलवर स्वतःच्या गल्लीचे व्हिडिओ बघत बसण्यापेक्षा ते बरं होतं. अ‍ॅस्ट्रोज प्लेरूममध्ये एका ठिकाणी पाऊस पडतो आणि थेंब कंट्रोलरमध्ये हाताला जाणवतात, बारीक टपटप. भावानं कौतुकानं कंट्रोलर मावशीच्या हातात दिला. तिनं थोडा वेळ धरला, खरंच थोडी हसली, मग अलगद खाली ठेवला आणि खिडकीकडं बघत म्हणाली, "बाहेर पडतोय तेवढा पुरे बाबा."

पाणी ओसरल्यावर मशीन शॉपमध्ये आणलं. मोटर गेली होती. डोकं पूर्ण खोललं, रॉकेलनं धुतलं, शटल पॉलिश केलं, तेल दिलं. चालतं, पण अधूनमधून टाका सुटतो. गिऱ्हाइकाच्या कापडावर ते चालत नाही, म्हणून तिनं हप्त्यांवर दुसरं घेतलं. हप्ते मी भरतो म्हणालो, तिनं भरू दिले नाहीत.

म्हणून तुम्ही विचारलंत की माझ्या तोंडून उत्तर निघत नाही. आकडे माझ्या बाजूचे आहेत. माझा ४९,९९० चा सौदा चांगलाच होता, तो मी आजही मागं घेणार नाही. पण प्रश्न विचारणारा माणूस माझा आकडा घेऊन जात नाही, माझा उत्साह घेऊन जातो. तो माझ्या तोंडचं "घे" नेतो आणि त्याच्या घरातल्या पैशावर लावतो. त्या पैशावर आधीच कुणाचं तरी नाव लिहिलेलं असतं, ते मला दिसत नाही.

गंमत म्हणजे हे सगळं मी भावाला बोलून दाखवलं तेव्हा तो चिडला. आता तो शिरोलीत चांगल्या कामाला आहे, २०२२ ला पावसाळ्याआधी त्यानं माळा करून घेतला. म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून नाही घेतला मी. मला पायजे होता म्हणून घेतला. ते दोन महिने त्या मशीनमुळं निघाले माझे. तू उगं सगळं स्वतःवर ओढून घेऊ नकोस." मी म्हटलं, "आणि मशीन?" तर म्हणाला, "ते मी विसरलो. घर माझं हाय, आई माझी हाय. तुझ्या डोक्यावर खोकं मीच दिलं."

तो म्हणतो ते खरं असेल तर माझ्या सल्ल्याला कवडीची किंमत नव्हती, आणि मग तुम्ही मला विचारताच कशाला? आणि मला वाटतं ते खरं असेल तर मी तुम्हाला काहीच सांगू नये. दोन्हीपैकी एकही मला पूर्ण पटत नाही.

उचगावच्या त्या पोराला मी जाताना थांबवलं होतं. विचारलं, तुझ्याबरोबर खेळणार कोण आहेत? तो म्हणाला, दोघं मित्र, पण बारावी झाली की एक पुण्याला जाणार. मला लगेच म्हणावंसं वाटलं, मग थांबू नकोस. ओठांपर्यंत आलं होतं. मी त्याच्या वडिलांकडं बघितलं. ते खिशातून पाकीट काढून चहाचे पैसे देत होते.