जोडीनं येणारे शब्द

जुन्या वळणाच्या इंग्रजीत शब्द सहसा एकटा घराबाहेर पडत नाही. मृत्युपत्र करायचं तर 'लास्ट विल अँड टेस्टामेंट', करार रद्दबातल ठरवायचा तर 'नल अँड व्हॉइड', गुन्हेगाराला हात दिला तर 'एड अँड अबेट'.

याचं एक स्पष्टीकरण हमखास ऐकायला मिळतं. १०६६ मध्ये फ्रान्समधून नॉर्मन राज्यकर्ते इंग्लंडात आले, कोर्टकचेरीत फ्रेंच शिरली, रयत मात्र इंग्रजीच बोलत राहिली. मग दोघांनाही कळावं म्हणून लेखनिक एक शब्द यांचा नि एक त्यांचा असं लिहू लागले. 'विल' घरचा, 'टेस्टामेंट' लॅटिनातून आलेला. काही जोड्यांना हे लागू पडतंही. पण 'नल' आणि 'व्हॉइड' दोघेही फ्रेंचच्या वाटेनं आलेले, 'एड' नि 'अबेट'ही तसेच. उलट 'माइट अँड मेन'मधले दोन्ही शब्द अस्सल इंग्रजी आणि दोन्हींचा अर्थ ताकद. तिथे दुभाषी कुणाला हवा होता?

मला वाटतं, गरज कानाला होती. नॉर्मन यायच्या आधीच्या 'बेवुल्फ' या काव्यात ओळीचे दोन तुकडे अनुप्रासानंच सांधलेले असतात. त्यात ह्रोथगार राजा आपला महाल रात्रीपुरता काव्याचा नायक बेवुल्फ याच्या हवाली करतो, तेव्हा म्हणतो: 'हाफा' आणि 'गेहेआल्ड'. घे आणि राख. हीच जोडी पुढे लग्नाच्या शपथेत 'टू हॅव अँड टू होल्ड' होऊन उभी राहते. महाल असो की बायको, ताबा देण्याघेण्याची भाषा एकच!

मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये लग्नाचा बाकी विधी लॅटिनमध्ये चाले, शपथ तेवढी इंग्रजीत; ती ज्यांनी पाळायची त्यांना कळायला नको? सॉल्झबरीच्या पद्धतीत वधू वचन द्यायची, 'बॉनेअर अँड बक्सम, इन बेड अँड अ‍ॅट बोर्ड' राहीन. म्हणजे शेजेवर नि जेवणाच्या मेजावर गोड आणि आज्ञाधारक. एका दमात चार 'ब'. भटजींच्या मागून एकेक तुकडा म्हणणाऱ्या, लिहितावाचता न येणाऱ्या मुलीच्या तोंडात ते पटकन बसत असणार. 'बक्सम'चा अर्थ पुढे बदलत बदलत भरल्या अंगाची असा झाला. इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात हे चारही 'ब' गेले आणि त्यांच्या जागी 'ओबे' आलं. अनुप्रास गेला, हुकूम राहिला.

जोडीचा आणखी एक फायदा असा, की बैलजोडीतला एक थकला तरी दुसरा गाडा ओढतो. 'किथ अँड किन' म्हणजे सगेसोयरे; त्यातला 'किथ' आता स्वतंत्रपणे कुणी वापरत नाही, पण 'किन'च्या आधारानं जिवंत आहे. ब्रिटिश पासपोर्टवर अजून 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' छापतात. त्यातला 'लेट' म्हणजे अडथळा, आणि हा अर्थ एरवी टेनिससारख्या खेळांपुरता उरलाय. आपल्या शेजारीपाजारीतला पाजारी नक्की कुठे राहतो, हेही कुणी विचारत नाही.

जोडीत पुढे कोण, मागे कोण? बहुधा आखूड शब्द आधी: 'ब्रेड अँड बटर', 'हेल अँड हार्टी', 'रफ अँड रेडी'. गंमत म्हणजे पाणिनीनं द्वंद्व समासाबद्दल हेच सांगून ठेवलंय: 'अल्पाच्तरम्', म्हणजे कमी स्वरांचं पद आधी. तरी नियम म्हटला की वांड पोर आलंच. मीठमिरची गुणी, पण तिखटमीठ लावायला बसलं की पाणिनी गुंडाळून ठेवावा लागतो. इंग्रजीतही टेबलावर 'सॉल्ट अँड पेपर', आणि पिकलेल्या केसांना मात्र कधीकधी 'पेपर-अँड-सॉल्ट'.

वकिलांनी या जोड्यांचा अतिरेक केला, हे खरंच. डेव्हिड मेलिंकॉफ या अमेरिकन कायदेपंडितानं १९६३ मध्ये कायद्याच्या भाषेवर जाडजूड पुस्तक लिहून असली भरताड झोडपून काढली. त्याचं म्हणणं पटतं. पण आपल्याकडच्या दस्ताच्या शेवटी 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे' हे वाचलं की माझा विरोध मावळतो. राजी आणि अक्कल अरबी, खुशी आणि हुशारी फारसी, चौघंही बाहेरचे. त्यातला एक जरी खोडला तरी सही करताना माझा हात अडखळेल.