तुम्ही विचारलंत म्हणून : दवाखाना का नाही टाकला?

सकाळी तलावपाळीला फेरी मारताना हा प्रश्न हमखास येतो. "मॅडम, तुम्ही तर एमडी. नौपाड्यात एवढे डॉक्टर बसतात, तुम्हीच कधी पाटी का नाही लावलीत?" आजवर मी "शिकवायची आवड होती" एवढं सांगून पुढे चालायचे. ते खरं आहे, पण अपुरं. माझी एमडी शरीरक्रियाशास्त्रातली, आणि मला तिथे धरून ठेवलं ते बोकडाच्या फुफ्फुसातल्या धमनीच्या एका तुकड्याने.

1980 नंतरची गोष्ट. देवनारच्या कत्तलखान्यातून बर्फाच्या डब्यात फुफ्फुसं यायची. त्यातली एक बारीक धमनी अलगद सोडवायची, जिलबीच्या वेढ्यासारखी गोल गोल कापून तिची पट्टी काढायची आणि 37 अंशांच्या क्षारद्रावणात टांगायची. शेजारच्या भांड्यात आतड्याच्या धमनीची तशीच पट्टी. पट्टीला दोरा, दोऱ्याला तरफ, तरफेचं टोक काजळी धरलेल्या कागदावर टेकलेलं. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नॉरॲड्रिनॅलिनचे थेंब घालून दोन्ही पट्ट्या जराशा ताणात आणल्या, मग बुडबुडणारा ऑक्सिजन बंद करून नायट्रोजन सोडला. आतड्याची पट्टी सैल पडली, रेघ खाली आली. फुफ्फुसाची आवळत गेली, रेघ वर चढली. मी भांडी अदलाबदल करून पाहिली, नव्या पट्ट्या लावून पाहिल्या. तेच! पुस्तकात वाचलेलं होतं, पण समोर घडताना बघणं निराळं. त्या रात्री लोकलने ठाण्याला पोचायला अकरा वाजले, आणि झोप काही लागली नाही.

ऑक्सिजन कमी पडला की बाकी शरीरातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कारण त्या भागाला जास्त रक्त हवं असतं. फुफ्फुसातल्या उलट आवळतात. ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या दोन स्वीडिश शास्त्रज्ञांनी 1946 साली मांजरांवर हे दाखवून दिलं. कारण सांगितलं की पटतं. न्यूमोनियाने फुफ्फुसाचा एखादा कोपरा भरला तर तिथे हवा नाही. तिथे गेलेलं रक्त रिकाम्या हाताने परत येणार. माजिवड्याला रस्ता खोदला की पोलीस गाड्या दुसऱ्या रस्त्याने वळवतात, तशी ती रक्तवाहिनी रक्ताला हवेशीर भागाकडे वळवते. तेही मेंदूला न विचारता. शरीराबाहेर काढून टांगलेली पट्टीसुद्धा हे करते, यातच माझा जीव अडकला.

पण सगळेच रस्ते एकदम खोदले तर? लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवर विमानाने थेट उतरणाऱ्याच्या बाबतीत तेच होतं. सगळ्या फुफ्फुसातच ऑक्सिजन कमी, रक्ताला वळायला जागा नाही. दाब चढतो, आणि काहींच्या केशवाहिन्यांतून, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांतून, पाणी झिरपून फुफ्फुसात उतरतं. एरवी फुफ्फुसातल्या रक्ताचा दाब फार सौम्य असतो, बाकी शरीरातल्या दाबाच्या जेमतेम सहावा हिस्सा. मिनिटाला पाच लिटर रक्त, म्हणजे हृदयातून निघणारं सगळंच्या सगळं, एवढ्या सौम्य दाबावर या जाळ्यातून जातं. रक्त आणि हवा यांच्यामधला पडदा इतका पातळ की मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. त्याला जास्त दाब सोसत नाही.

आता आत्याचं सांगते. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन तिच्या हृदयाची झडप अरुंद झाली होती. चाळीतल्या खोलीत ती रात्री भिंतीला तीन उशा लावून बसून असायची. आडवी झाली की दम लागायचा. घरातले म्हणायचे, मनाला फार लावून घेते. एकदा तिने मलाच विचारलं, "बसले की बरं, पडले की जीव घाबरा, हे असं का गं?"

उत्तर मला दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या अवतारसिंग पेंटल यांच्या कामात सापडलं होतं. फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांना अगदी चिकटून काही मज्जातंतूंची टोकं असतात. पेंटल यांनी ती 1955 साली शोधली. पुढे त्यांना जे-रिसेप्टर नाव पडलं. केशवाहिन्या फुगल्या, बाजूला पाणी साचू लागलं की ही टोकं चेतवली जातात आणि श्वास उथळ, भरभर होतो. आपल्या देशातल्या माणसाने हे शोधलं याचा मला आजही अभिमान वाटतो.

मी आत्याला कागदावर चित्र काढून दाखवलं. आडवं झालं की पायातलं रक्त छातीकडे येतं, अरुंद झडपेतून पुढे सरकत नाही, मागे फुफ्फुसात तुंबतं, आणि तिथली टोकं बोलू लागतात. तिला दिलेली लघवीची गोळी हे तुंबणंच कमी करायला होती. तिने चित्र बराच वेळ निरखलं. "म्हणजे हे माझ्या मनाचं नाही," ती म्हणाली. कागद घडी घालून पोथीत ठेवला. त्यानंतर कोणी "मनाला लावून घेऊ नकोस" म्हटलं की ती माझ्याकडे बोट करायची, "हिला विचारा."