जग कुणाच्या फोनमध्ये?

सोसायटीच्या जिन्यात, शाळेच्या फाटकाशी, गणपतीत आरतीला जमलो की हमखास हा प्रश्न येतो. "तुमची दोघं एकच गेम एकत्र खेळतात म्हणे? आमच्याकडे फोन हातात आला की रडारड. तुम्ही कसं जमवलंत हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्याकडेही भांडणं होतात. पण हल्ली ती गेममधल्या घराच्या छपराला लाकूड लावायचं की दगड, यावरून होतात. पूर्वी ती "हे जग माझं आहे, तू बाहेर हो" यावरून व्हायची, आणि त्या भांडणाला काही इलाज नव्हता. तो कसा सापडला ते सांगते.

थोरली बारा वर्षांची, धाकटा सातचा. गेम माइनक्राफ्ट. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: स्टॉकहोमच्या मोजँग या कंपनीचा हा गेम २०११ साली पूर्ण रूपात आला, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. सगळं जग ठोकळ्यांचं. झाड तोडायचं, लाकूड मिळवायचं, घर बांधायचं, रात्री भुतं येतात त्यांच्यापासून जपायचं. जिंकणं-हरणं असं जवळजवळ नाहीच. म्हणूनच वयात पाच वर्षांचं अंतर असलेल्या दोघांना तो एकत्र खेळता येतो. क्रिकेटमध्ये धाकटा पहिल्या चेंडूवर बाद होतो, इथे तो बटाटे लावतो.

सुरुवातीला आम्ही एक अख्खा रविवार वाया घालवला. शाळा ऑनलाइन होती तेव्हा घेतलेला लॅपटॉप थोरलीकडे होता, टॅब धाकट्याला दिला. दोन्हीकडे माइनक्राफ्ट, दोन्ही एकाच घरात, तरी एकमेकांना दिसेनात. कारण हे की या गेमच्या दोन जाती आहेत, जावा आणि बेडरॉक. मोबाइल, टॅब, एक्सबॉक्स, प्लेस्टेशन यांवर चालतो तो बेडरॉक. विंडोजच्या कॉम्प्युटरवर २०२२ पासून दोन्ही एकत्रच विकत मिळतात आणि एकाच लाँचरमधून, म्हणजे गेम सुरू करायच्या खिडकीतून, उघडतात. आम्ही उघडला होता जावा. जावावाल्याला बेडरॉकवाला दिसत नाही. लाँचरमध्ये शेजारचं चित्र दाबायला हवं होतं, एवढंच. तुम्ही करणार असाल तर सगळ्यात आधी हे बघा.

दुसरी अडचण वायफायची निघाली. ब्रॉडबँड जोडायला आलेल्या मुलानं पाहुण्यांसाठी म्हणून वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड करून दिला होता. टॅब त्या पाहुण्यांच्या नेटवर्कवर होता. अशा नेटवर्कवर इंटरनेट मिळतं, पण घरातली बाकीची यंत्रं सहसा दिसत नाहीत, तसंच ते बनवलेलं असतं. टॅब घरच्या नावावर आणला आणि यादीत ताईचं जग दिसलं. धाकटा आत शिरला तेव्हा थोरलीच्या स्क्रीनवर एक माणूस चालत आला आणि तिच्याभोवती उड्या मारायला लागला. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसली होती, तरी ती ओरडली, "आई, हा आला बघ!"

मला वाटलं, झालं काम.

पण जग होतं थोरलीच्या लॅपटॉपमध्ये. ती अभ्यासाला उठली की जग बंद. धाकट्यानं नुकतीच मेंढी पकडलेली असायची आणि स्क्रीनवर संपर्क तुटल्याचं वाक्य यायचं. तो मागे लागायचा, ती म्हणायची, "माझं जग आहे, मी ठरवणार." पुढे लॅपटॉपची बिजागरी तुटली, तो अडकायलाही लागला, तेव्हा थोरलीनं टॅब घेतला आणि धाकट्याला माझा जुना फोन मिळाला. त्यानं फोनवर स्वतःचं जग सुरू केलं. आता दादागिरी त्याची. "ताई, तू माझ्या कोंबड्यांना हात लावलास तर मी गेम बंद करीन."

आणि मग चूक झाली माझ्या हातून. फोनची जागा भरली होती, बँकेचं अ‍ॅप अपडेट होईना. मी मोठी मोठी अ‍ॅप काढली, त्यात माइनक्राफ्ट काढलं. मनात म्हटलं, परत टाकता येईल, पैसे तर भरलेले आहेत. गेम परत आला, जग आलं नाही. ते फोनमध्येच साठवलेलं असतं आणि आमच्या फोनवर ते अ‍ॅपबरोबरच पुसलं गेलं. आठ आठवड्यांचं काम. त्यानं डोंगर पोखरून घर केलं होतं, त्याला काचेची भिंत होती, कोंबड्यांना एकेक नाव होतं. तो रडला नाही. नुसता फोन माझ्यासमोर धरून म्हणाला, "आई, माझं घर कुठंय?" मला त्याची समजूत घालता आली नाही.

त्या रात्री मला कळलं की आपण दोघांना जोडायच्या नादात होतो, पण जग कुठं राहतं याचा विचारच केला नव्हता. कुणाच्याही फोनमध्ये असलं की ते त्याचं होतं. दुसरा कायम पाहुणा. ते दोघांपैकी कुणाचंच नसलेल्या ठिकाणी असायला हवं.

मी पतसंस्थेत काम करते, नेटवर्किंग माझा विषय नाही. तरी हे जमलं, म्हणून तुम्हालाही जमेल असं छातीठोकपणे सांगते. मोजँग बेडरॉकचा सर्व्हर, म्हणजे जग एका वेगळ्या कॉम्प्युटरवर चालू ठेवणारा प्रोग्राम, फुकट देते, विंडोजसाठी आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारासाठी. त्यांच्या साइटवरून झिप फाइल उतरवायची, एका फोल्डरमध्ये उघडायची आणि सर्व्हरची फाइल चालवायची. बाहेरून येणाऱ्यांना अडवणाऱ्या फायरवॉलचं विंडोज विचारतं तेव्हा खासगी नेटवर्कला परवानगी द्यायची. सेटिंगची एक साधी फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. जगाचं नाव, अवघडपणा, किती जण येऊ शकतात, सगळं एकेका ओळीत. नावाच्या जागी मी 'घर' लिहिलं. किती लांबचं दिसावं हा आकडा मुळात ३२ असतो, तो १० केला. जुन्या लॅपटॉपला तेवढं पुरे. त्या दिवसापासून बिजागरी तुटलेला लॅपटॉप चपलांच्या रॅकवर राउटरशेजारी झाकण अर्धं मिटून बसतो. टॅब आणि फोन दोन्हींवर 'घर' आपोआप यादीत दिसतं. नाहीच दिसलं तर राउटरनं लॅपटॉपला दिलेला पत्ता आणि १९१३२ हा पोर्ट हातानं टाकायचा. तो पत्ता बदलत राहू नये म्हणून राउटरमध्ये कायमचा करून ठेवा.

दोघांची मायक्रोसॉफ्टची खाती वेगवेगळी लागतात. लहान मुलांचं खातं असेल तर एकत्र खेळायची परवानगी मोठ्या माणसाच्या खात्यातून द्यावी लागते, नाहीतर सगळं बरोबर असूनही आत घेत नाही. मी एकत्र खेळणं चालू ठेवलंय, अनोळखी माणसांशी बोलणं बंद.

फोनवरचा गेम अपडेट झाला की सर्व्हरही नवा घालावा लागतो, आवृत्ती जुळली नाही तर दार उघडत नाही. नवा उतरवायचा, जुन्यातलं जगाचं फोल्डर आणि सेटिंगची फाइल त्यात टाकायची, दहा मिनिटांचं काम. आणि दर रविवारी सर्व्हर नीट बंद करून मी जगाच्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर घेते. ती पेनड्राइव्ह कपाटात सोन्याच्या डबीशेजारी असते. यात मी कधीच हयगय करत नाही.

आता नियमांचं. आमच्या लहानपणी साताऱ्याच्या वाड्यात लपाछपी, विषामृत काहीही असो, लहान भावंडांना कच्चं लिंबू म्हणून घ्यायचे. ते बाद व्हायचं नाही, त्याच्यावर राज्य यायचं नाही, पण डावात असायचं. धाकट्यासाठी तेच करायचं ठरवलं. आधी मी चुकीचं केलं. त्याला एकट्याला क्रिएटिव्ह मोड दिला, ज्यात सगळं हवं तेवढं मिळतं आणि मरण नाही. अर्ध्या तासात त्यानं हिऱ्यांच्या ठोकळ्यांची भिंत उभी केली. थोरली दोन दिवस खाणीत खोदून सात हिरे घेऊन वर आली आणि ती भिंत बघून तिनं टॅब खाली ठेवला. तिच्या मेहनतीची किंमतच गेली. कच्च्या लिंबाला आपण बाद करत नाही, पण म्हणून त्याला दहा धावा फुकट देत नाही.

मग दोघांना सारखेच नियम लावले. मेलात तरी हातातल्या वस्तू जात नाहीत, हा पहिला. खाणीत लाव्हात पडून तासाभराची कमाई जळून गेली की सात वर्षांचं मूल कोसळतं, ते टळलं. एकमेकांना मारलेलं लागत नाही, हा दुसरा. आग पसरत नाही, हा तिसरा. हा थोरलीनं हौसेनं केलेल्या चुलीत लाकडी घर गेल्यानंतर आला. यासाठी चीट्स, म्हणजे गेमचे नियम बदलायची मुभा, सुरू करावे लागले आणि ते केले की त्या जगात अचीव्हमेंट्स, म्हणजे कामगिरीबद्दल गेम देतो ते बिल्ले, मिळत नाहीत. थोरलीला ते आधी सांगितलं. तिनं एक दिवस विचार करायला मागितला आणि मग हो म्हणाली. तिला विचारलं म्हणूनच ती हो म्हणाली असं मला वाटतं.

पेट्या तीन आहेत. ताईची, त्याची आणि घराची. घराच्या पेटीतलं न विचारता घ्यायचं, बाकीच्यांतलं विचारून. याच्या पलीकडे मी बोलत नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपण खेळताना "टॅम्प्लीज" म्हणायचो आणि सगळा डाव थांबायचा. इथे टॅम्प्लीज नाही. एकट्यानं खेळताना गेम थांबवता येतो, सर्व्हरवर कुणासाठीच थांबत नाही. मी तव्यावर भाकरी टाकून "जेवायला या" म्हणते तेव्हा त्यांच्या अंगावर झाँबी चालून येत असतात. "एक मिनिट, आई" हा उर्मटपणा नसतो, ते खरंच अडकलेले असतात. आता मी आधी लॅपटॉपशी जाते, अवघडपणा 'पीसफुल' करायची एक ओळ टाइप करते, भुतं जागच्या जागी नाहीशी होतात. मग हाक मारते. दोघं उठून येतात. भाकरी गरम असते.

एकच फोन असलेले विचारतात, आम्ही काय करायचं? एक्सबॉक्स, प्लेस्टेशनसारखा कन्सोल असेल तर एका टीव्हीवर चौघंसुद्धा स्क्रीन वाटून खेळतात. मोबाइलवर तसं होत नाही. तिथे एकानं चालवायचं, दुसऱ्यानं सांगायचं, आणि दर काही वेळानं बदलायचं.

काही वेळानं म्हणजे किती? गेममधला एक दिवस वीस मिनिटांचा असतो. दिवसाला दहा, रात्रीला सात, उरलेली पहाट-संध्याकाळ. म्हणून आमच्याकडे वेळ दिवसांत मोजतात. शाळा असेल तेव्हा एक दिवस, शनिवार-रविवार तीन दिवस. घड्याळापेक्षा हे त्यांना पटतं, कारण सूर्य मावळलेला दोघांना दिसतो.

रात्र टाळायची तर पलंगावर झोपायचं, पण जगात जेवढे असतील तेवढ्या सगळ्यांना झोपावं लागतं. धाकटा अंधाराला घाबरतो. सूर्य कलला की तो पलंगाशी जाऊन उभा राहायचा आणि सोफ्यावरून हाका मारायचा, "ताई, झोपायला ये ना! ताई, झोप ना गं!" ती खाणीत खोल, "थांब, वर येते." एका शनिवारी थोरलीच्या लक्षात आलं की झोपलं की रात्र उडते आणि तीन दिवस अर्ध्या तासाच्या थोड्या वरच संपतात. न झोपता पूर्ण तास मिळतो. तिनं त्याला पटवलं. दोघं छतावर चढली, कडेनं मशाली लावल्या. ती धनुष्य घेऊन उभी, तो मागून बाण पुरवतोय. तीन रात्री त्यांनी जागून काढल्या. तो पलंगाकडे वळलाच नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. रात्र झाली आणि आकाशातून काहीतरी फडफडत खाली झेपावलं. तीन दिवस जो झोपत नाही त्याच्यावर या गेममध्ये फँटम येतात, मोठ्या पंखांचे. धाकट्यानं फोन उशीखाली कोंबला. थोरलीनं दोन बाण मारले, दोन्ही चुकले. मग तिनं आपल्या माणसाला घरात पळवलं, सोफ्यावर सरकत त्याच्याजवळ आली आणि उशीखालचा फोन काढून त्याच्या हातात दिला.

"दार मी लावलंय," ती म्हणाली, "तू फक्त आत ये आणि झोप. चल, दोघं एकदम."

लाल आणि पिवळा, दोन पलंग शेजारी शेजारी आहेत.