आल्प्स ओलांडणारा ट्रेलर रेल्वेवर कसा चढतो

स्वित्झर्लंडमधून जाणारा बराचसा माल इथला नसतोच. रॉटरडॅम, अँटवर्प किंवा जर्मनीतून निघून तो मिलानकडे चाललेला असतो आणि वाटेत आल्प्स आडवा येतो. असा सीमेपासून सीमेपर्यंतचा माल रेल्वेनेच न्यायचा, हे इथल्या मतदारांनी 1994 साली थेट राज्यघटनेत लिहून घेतलं. आज स्विस आल्प्स ओलांडणाऱ्या मालापैकी सुमारे सत्तर टक्के माल रुळांवरून जातो. आमच्या मते यात बोगद्यांइतकंच श्रेय टोलच्या आकारणीला आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

2001 पासून साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना इथे किलोमीटरमागे शुल्क द्यावं लागतं. केवळ महामार्गावर नव्हे, गल्लीबोळातसुद्धा. दर ठरतो अंतर, इंजिनाचा प्रदूषण वर्ग आणि वजन यांवरून. हे वजन गाडीत प्रत्यक्ष भरलेलं नव्हे, तर परवान्यावरचं कमाल वजन. खरी मेख तिथेच आहे. रिकाम्या ट्रकलाही भरलेल्या ट्रकइतकेच पैसे पडतात, म्हणून रिटर्न भाडं मिळवल्याशिवाय गाडी परत आणणं परवडत नाही. उत्तर सीमेवरचं बाझेल ते इटलीच्या सीमेवरचं कियासो हे सुमारे 300 किमी अंतर 40 टनी ट्रकने कापलं, तर अडीचशे ते तीनशे फ्रँक जातात. शंभर किलोमीटरला 30 लिटर धरलं तर डिझेल 90 लिटर जळतं आणि त्यातून साधारण 240 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शुल्काचा एक तृतीयांश वाटा कँटनांना, म्हणजे इथल्या राज्यांना, मिळतो आणि उरलेल्यातला मोठा भाग रेल्वेकडे वळवला जातो. शिवाय रात्री 10 ते पहाटे 5 आणि रविवारी ट्रकना बंदी आहे. मालगाडी मात्र रात्रभर धावते.

आल्प्स ओलांडणारी गोटहार्डची जुनी रेल्वे लाइन सुमारे 1,150 मीटर उंचीपर्यंत चढायची. चढ जवळपास आपल्या कसारा घाटाइतका, त्यामुळे जड गाड्यांना तिथल्यासारखीच जादा इंजिनं लावावी लागत. 2016 साली सुरू झालेला 57 किमीचा नवा बोगदा साडेपाचशे मीटरच्या वर जातच नाही. 2020 साली याच मार्गावर पुढे चेनेरीचा बोगदा झाला आणि त्याच सुमारास मार्गावरचे जुने बोगदे-पूल मोकळे करून 4 मीटर उंचीच्या ट्रेलरला वाट मिळाली. ही उंची मिळाली नसती, तर नेहमीचे ट्रेलर रेल्वेवर चढलेच नसते.

ट्रेलर चढवायचं काम यार्डात असं चालतं. ट्रकचा घोडा, म्हणजे इंजिन असलेला पुढचा भाग, ट्रेलर सोडून निघून जातो. ट्रेलरचा मागचा बंपर दुमडतात आणि हवेच्या सस्पेन्शनमधली हवा सोडतात, म्हणजे तो खाली बसतो. क्रेनचे चार हात चेसिसच्या कडेवरच्या पिवळ्या खुणांपाशी धरतात आणि ट्रेलर खोलगट वाघिणीत अलगद उतरवतात. मग किंगपिन (ट्रेलरच्या पुढच्या भागाखालची खुंटी) वाघिणीवरच्या टेकूत अडकवून लॉक करायचा. हे लॉक लागलंय का ते हाताने तपासावंच लागतं. डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलावर 2 जानेवारी 2019 रोजी वादळी वाऱ्यात लॉक न बसलेला ट्रेलर सरकून समोरून येणाऱ्या प्रवासी गाडीवर आदळला आणि 8 जण दगावले. ताडपत्रीच्या पट्ट्यांचंही तसंच: सुटी राहिलेली पट्टी वाऱ्याने उडून 15,000 व्होल्टच्या तारेकडे जाऊ शकते.

अख्खा ट्रक घोड्यासकट गाडीवर चढवण्याची पद्धत आपल्याकडे कोकण रेल्वेने 1999 पासून चालवली. इथून जाणारी जर्मनीतलं फ्रायबुर्ग ते इटलीतलं नोव्हारा अशीच सेवा होती, ती 2025 च्या अखेरीस बंद झाली. अशा गाडीत घोड्याचं आणि केबिनचं वजन फुकट ओढावं लागतं. वाघिणी अतिशय बुटक्या, म्हणून चाकं इवलीशी. ती जास्त फेरे फिरतात, लवकर झिजतात. त्यात जर्मनीतल्या रुळांच्या कामांमुळे फेऱ्या सारख्या रद्द व्हायच्या. नुसता ट्रेलर उचलणं यापेक्षा स्वस्त पडतं, पण त्यासाठी क्रेनने उचलता येईल असा मजबूत चेसिस लागतो. तो साध्या ट्रेलरहून महाग आणि थोडा जड असतो.

एवढं करूनही कायद्यातलं उद्दिष्ट हुकलेलंच आहे. वर्षाला साडेसहा लाखांपेक्षा जास्त ट्रकनी आल्प्स ओलांडू नये असं ठरलं होतं. 2000 साली ते सुमारे 14 लाख होते, 2023 साली नऊ लाखांच्या थोडे वर. त्याच वर्षी 10 ऑगस्टला गोटहार्ड बोगद्यात एका वाघिणीचं चाक धातूच्या थकव्याने पडलेल्या भेगांमुळे फुटलं. गाडी घसरली आणि रुळांची इतकी नासधूस झाली की बोगदा पूर्णपणे सुरू व्हायला 2 सप्टेंबर 2024 उजाडला.

सगळ्यात मोठी अडचण मात्र सीमेपलीकडे आहे. कार्ल्सरूहे ते बाझेल हा चौपदरी रेल्वेमार्ग जर्मनीला अजून पुरा करता आलेला नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये याच मार्गावर राश्टाट इथे नवा बोगदा खणताना वरचे रूळ खचले आणि लाइन 2 ऑक्टोबरपर्यंत बंद राहिली. पर्यायी मार्गांवर डिझेल इंजिनं आणि परक्या हद्दीतला मार्ग ओळखणारे चालक पुरेसे नव्हते, त्यामुळे बराच माल पुन्हा ट्रकवर गेला. असं एकदा झालं की गिऱ्हाईक परत रेल्वेकडे यायला फार वेळ लावतं.